रणगाड्याची झूल उतरवताना

सिनेमातला रणगाडा फक्त धावतो आणि गोळा डागतो. पण त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या जड पोलादी झालरी कोण उघडतं, कोण उचलतं? आणि त्या उचलताना हाताची दहाही बोटं शाबूत कशी ठेवतात? धानाच्या बांधीतल्या ट्रॅक्टरपासून अहिल्यानगरच्या रणगाडा म्युझियमपर्यंत पोहोचणारी ही गोष्ट, खास तुमच्यासाठी.

जुलै महिना आठवा. लाखांदूर, पवनी, साकोली, कुठलाही रस्ता धरा. दोन्ही बाजूंना रोवणी चालू आहे आणि एखाद्या बांधीत लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर चिखलणी करतोय. चिखल चाकाबरोबर वर चढतो, मडगार्डच्या आत जाऊन बसतो, थर वाढत जातो. मग ड्रायव्हर खाली उतरतो, पहार घेतो आणि शिव्या देत तो चिखल खरवडून काढतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे काम स्वतः केलेलं असणार. निदान बांधावर उभं राहून पाहिलेलं तरी असणारच.

आता कल्पना करा की तो ट्रॅक्टर चाळीस टनांहून जड आहे. चाकांऐवजी त्याला लोखंडी पट्टे आहेत. आणि मडगार्ड पत्र्याचं नाही, तर जाड पोलादाचं आहे. एक तुकडा एका माणसाला उचलवत नाही, इतकं जड. चिखल काढायचा, पट्ट्याची पिन तपासायची, चाकाला ग्रीस द्यायचं, काहीही करायचं असलं तरी आधी ते पोलाद बाजूला करावं लागतं. दिवसा, रात्री, पावसात, वाळवंटात. तेही दमलेल्या तीन-चार पोरांनी, ज्यांतले बरेचसे तुमच्याच वयाचे असतात.

त्या पोलादी तुकड्यांना इंग्रजीत आणि आता सगळ्याच भाषांत ‘साइड स्कर्ट’ म्हणतात. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना झूल सोडतात ना, दिसायला तसंच. म्हणून आपण तिला झूलच म्हणू. फरक इतकाच की ही झूल अंगावर पडली तर बैल शेपटी हलवून मोकळा होतो तसं होता येत नाही.

झूल हवीच कशाला?

रणगाडा सगळीकडून सारखाच मजबूत असतो, असा आपला समज असतो. तसं नसतं. सगळ्यात जाड चिलखत समोर असतं, कारण शत्रूकडे तोंड समोरचं असतं. बाजूला आणि मागे चिलखत बरंच पातळ. सगळीकडेच जाड केलं तर वजन इतकं वाढेल की रणगाडा जागेवरून हलणार नाही. त्यात बाजूलाच पट्टे, चाकं, सस्पेन्शन. म्हणजे नाजूक भाग सगळा तिकडेच.

१९६५च्या युद्धातली पंजाबातल्या असल उत्तरची लढाई तुम्ही शाळेत वाचली असेल. शेतांमध्ये पाणी सोडलेलं होतं, उसाची उभी पिकं होती आणि पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन रणगाडे त्या चिखलात अडकले. आडोशाला दबा धरून बसलेल्या आपल्या तोफांना आणि रणगाड्यांना नेमकं जे हवं असतं ते मिळालं. परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं पॅटन टिपले, ते याच लढाईत. त्या लढाईनं दोन धडे दिले. चिखल हा रणगाड्याचा शत्रू आहे, आणि बाजू ही त्याची दुखरी जागा आहे. झुलीच्या सगळ्या कथेत हे दोन धडे एकमेकांशी भांडत राहतात. कसे, ते पुढे येईलच.

झुलीचा इतिहास मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत पायदळाकडे १४.५ मिलिमीटरची लांबलचक रणगाडाविरोधी रायफल होती. तिची गोळी जर्मन रणगाड्यांच्या बाजूच्या पातळ चिलखतात घुसायची. उपाय म्हणून १९४३ मध्ये जर्मनांनी रणगाड्याच्या बाजूला, थोडं अंतर सोडून, साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटा लटकवल्या. नाव दिलं ‘शुर्त्सेन’. जर्मन भाषेत शुर्त्स म्हणजे स्वयंपाक करताना बांधतात तो एप्रन! गोळी आधी या पातळ प्लेटेवर आदळायची, तिचा तोल आणि जोर जायचा आणि आतलं चिलखत वाचायचं.

आयडिया भारी होती, पण एक घोळ होता. या प्लेटा आकड्यांवर नुसत्या अडकवलेल्या असायच्या. कारण उघड आहे, त्या पटकन काढता याव्यात. पण झाडाची फांदी लागली, खड्ड्यात आदळलं की प्लेट निखळून मागे पडायची. त्या काळच्या फोटोंमध्ये एका बाजूला दोन-तीन प्लेटा गायब असलेले रणगाडे सर्रास दिसतात. नंतर आकड्यांची रचना बदलावी लागली.

बघा, इथेच सगळ्या इंजिनिअरिंगची मेख आली. पटकन निघणारी वस्तू पटकन पडतेही. आणि घट्ट बसवलेली वस्तू गरजेच्या वेळी लवकर निघत नाही. या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यात पुढची ऐंशी वर्षं गेली आहेत.

आज काही रणगाड्यांच्या झुली दारासारख्या बिजागरीवर बाहेर उघडतात. अमेरिकेच्या एब्रॅम्सचं असंच आहे. जर्मनीच्या लेपर्ड-२ मध्ये पुढच्या जाड झुली वर दुमडता येतात, म्हणजे रेल्वेनं नेताना रुंदी कमी होते. आपल्या टी-७२ ‘अजेय’ आणि टी-९० ‘भीष्म’ रणगाड्यांवर मुख्यतः रबर आणि कापडाच्या थरांची झूल असते. ती वजनानं हलकी असते आणि पट्ट्यांनी उडणारा धुरळाही थोपवते. राजस्थानात हे फार मोलाचं, कारण धुरळ्याचा लोट कित्येक किलोमीटरवरून ‘आम्ही इथे आहोत’ म्हणून सांगतो. टी-९० च्या झुलीवर पुढच्या बाजूला स्फोटक चिलखताचे चौकोनी तुकडेही बसवलेले असतात. त्यांना हात लावायचे नियम तर वेगळेच.

गणित करून बघा

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. भंडाऱ्यातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात विचारलंत तर पोलादी प्लेटेचं वजन काढायचं सूत्र तोंडपाठ ऐकायला मिळेल. लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये. तिघांचा गुणाकार करा आणि ७.८५ नं गुणा. उत्तर किलोमध्ये.

समजा, झुलीचा एक तुकडा १ मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर उंच आहे. जाडी ५ मिलिमीटर असेल तर वजन साधारण साडेसत्तावीस किलो. एकटा माणूस उचलेल. जाडी १० मिलिमीटर केली की ५५ किलो, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून थोडं जास्त. २५ मिलिमीटर केली की १३७ किलो. दोन दांडग्या पोरांच्या वजनाइतकं.

आता म्हणाल, सिमेंटचं पोतं तर आम्ही खांद्यावर टाकून दोन मजले चढतो. खरंय. पण पोतं मऊ असतं, अंगाला चिकटतं, धरायला कान असतात. प्लेटेला धरायला काहीच नसतं. कडा धारदार, वर ग्रीस, चिखल, पावसाचं पाणी. आणि मुख्य म्हणजे प्लेट मोकळी नसते. ती बोल्टवर किंवा बिजागरीवर लटकलेली असते. बोल्ट निघतो त्या क्षणी सगळं वजन एकदम हातात येतं. हळूहळू नाही, एकदम.

अजून एक हिशेब. कुठलीही वस्तू अर्धा मीटर खाली पडायला सेकंदाचा साधारण एक तृतीयांश भाग लागतो. ती पडतेय हे डोळ्यांना दिसून, मेंदूला कळून हात हलायला सुरुवात व्हायलाच सेकंदाचा पाचवा-चौथा भाग जातो. उरला किती वेळ? ‘मी पटकन हात काढेन’ हे वाक्य म्हणूनच वर्कशॉपमधलं सगळ्यात खोटं वाक्य आहे. हात काढायचा नसतो. तो मुळात तिथे ठेवायचाच नसतो.

मग करतात तरी कसं?

प्रत्येक रणगाड्याचं मॅन्युअल वेगळं, बोल्ट वेगळे, क्रम वेगळा. पण जड, लटकलेलं पोलाद सुरक्षित उतरवण्यामागची तत्त्वं जगभर सारखीच आहेत. ती समजून घ्या, कारण ती उद्या ट्रक, जेसीबी, क्रशर, राइस मिल, कुठेही तुमच्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट जमिनीची. रणगाडा सपाट, कडक जागेवर उभा करायचा. घराचं दार चौकटीत तिरकं बसलं असेल तर ते आपोआप उघडतं किंवा मिटतं, तुम्ही पाहिलंय. बिजागरीवरची झूलही तशीच. रणगाडा उतारावर असेल तर कडी काढताच शंभर किलोचं दार स्वतःच्या मर्जीनं फिरतं. मध्ये कोण उभं आहे, हे ते बघत नाही.

दुसरी गोष्ट इंजिनची. इंजिन बंद, ब्रेक लावलेला, पट्ट्याला अडकण लावलेली. आणि आत ड्रायव्हरच्या जागेवर कोणी असेल तर त्याला पक्कं माहीत असलं पाहिजे की बाहेर पट्ट्याजवळ माणसाचे हात आहेत. बाहेरून आत दिसत नाही, आतून बाहेर दिसत नाही. हे एक वाक्य विसरल्यानं जगात किती अपघात झाले असतील, त्याची मोजदाद नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची. एकच माणूस बोलणार. रणगाड्यात तो बहुधा कमांडर असतो. ‘उचला’, ‘थांबा’, ‘सोडा’ हे त्यानंच म्हणायचं. गणपतीची मोठी मूर्ती ट्रॉलीवरून उतरवताना दहा जण दहा सूचना देतात आणि मूर्ती डगमगते, आठवतंय ना? तेच इथे चालत नाही. अपवाद फक्त एका शब्दाचा. ‘थांबा’ हा शब्द कोणीही ओरडू शकतो. कालच युनिटमध्ये आलेला सगळ्यात ज्युनिअर पोरगासुद्धा. आणि तो ओरडला की सगळ्यांनी थांबायचं. का ओरडला, ते नंतर विचारायचं.

चौथी गोष्ट साफसफाईची. बोल्टभोवतीचा, बिजागरीतला, प्लेटेच्या आतल्या बाजूचा चिखल आधी खरवडून काढायचा. वाळलेला चिखल सिमेंटसारखा प्लेटेला धरून ठेवतो. बोल्ट सगळे निघाले तरी प्लेट जागची हलत नाही. मग कोणीतरी वैतागून पहार घालून झटका देतो आणि ती एकदम सुटते. शिवाय आत बसलेल्या चिखलाचंही वजन असतंच. तुमच्या ७.८५च्या सूत्रात ते धरलेलं नव्हतं.

पाचवी गोष्ट, आधी आधार आणि मग बोल्ट. आधी पट्टा, साखळी किंवा चेन ब्लॉक लावून प्लेटेचं वजन पेलून घ्यायचं, मगच शेवटचे बोल्ट काढायचे. लष्करात यासाठी क्रेन असलेला रिकव्हरी रणगाडा असतो. म्हणजे बिघडलेल्या रणगाड्याला ओढून नेणारा, इंजिन उचलून देणारा मोठा भाऊ. तो हाताशी असेल तर जड तुकड्याला कमरेची ताकद दाखवायची नाही. नसेल तर माणसं वाढवायची. पण प्लेटेच्या खाली कोणी नाही, पाय खाली नाही, बोटं फटीत नाहीत. भोकं जुळवायला बोट घालायचं नसतं, त्यासाठी निमुळती पिन किंवा टॉमी असते. बोट घालून ‘जुळलं का’ बघणारा माणूस बहुधा एकदाच बघतो.

सहावी गोष्ट, उतरवलेली प्लेट ठेवायची कुठे? रणगाड्याला टेकवून उभी करायची नाही. वारा, धक्का, शेजारी घणाचा ठोका, काहीही झालं तरी ती सरकते. लाकडी गुटक्यांवर आडवी ठेवायची. गुटके कशाला? परत उचलताना खाली बोटं जायला जागा हवी म्हणून. नंबर टाकायचा, कारण डावी-उजवी, पुढची-मागची सारखी दिसते पण सारखी नसते. आणि बोल्ट डब्यात. खिशात नाही, चिखलात नाही, ‘इथेच ठेवले होते’ असंही नाही.

बसवताना हाच क्रम उलटा. आट्यांमधला चिखल काढून, ग्रीस लावून, आधी सगळे बोल्ट हातानं धरवायचे, मग पान्यानं आवळायचे. पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला तर पुढची भोकं जुळत नाहीत, हे सायकलचं मडगार्ड बसवणाऱ्यालाही माहीत असतं. शेवटी पट्टा आणि झूल यांच्यात मोकळी जागा आहे का बघायचं, थोडं चालवायचं, उतरायचं आणि बोल्ट पुन्हा तपासायचे. थरथरीनं पहिले ढिले होतात ते नुकतेच आवळलेले बोल्ट.

एवढं सगळं कशासाठी? बहुतेक वेळा, पट्ट्याची एक पिन बघण्यासाठी. पाच मिनिटांच्या तपासणीसाठी तासाभराची उठाठेव.

काढून टाकली तर?

तुमच्या मनात आलंच असेल. इतका त्रास असेल तर झूल काढूनच टाका ना!

तसं झालंय. व्हिएतनाम युद्धात ऑस्ट्रेलियाचे सेंच्युरियन रणगाडे लढत होते. जंगल आणि भातशेती. म्हणजे तुमच्या ओळखीचा चिखल. झूल आणि पट्टा यांच्यामध्ये चिखल, वेली, झाडोरा अडकून घट्ट बसायचा. मग त्यांनी रणगाड्यांच्या झुली उतरवून ठेवल्या. संरक्षण थोडं कमी झालं, पण रणगाडा चालता राहिला. अडकून उभा राहिलेला रणगाडा कितीही चिलखत घालून बसला तरी निशाणाच असतो, हे असल उत्तरनं आधीच दाखवलं होतं. एब्रॅम्सच्या बाबतीतही मागच्या दातेरी चाकाजवळ चिखल साठतो हे लक्षात आल्यावर झुलीचा तेवढा भाग कापून मोकळा ठेवला गेला.

म्हणजे झूल काढणं नेहमीच आळशीपणा नसतो आणि ठेवणं नेहमीच शहाणपणा नसतो. प्रश्न एवढाच की हा निर्णय कोणी, कधी आणि कशासाठी घेतला? विचार करून, जबाबदार माणसानं, सगळ्यांना सांगून घेतला तर तो निर्णय. ‘जाऊ दे यार, उशीर झालाय, दोन बोल्ट कमी लावले तर काय होतंय’ असं म्हणून घेतला तर तो निर्णय नसतो. ती नशिबाशी लावलेली पैज असते. आणि पैज हरली तर किंमत दुसराच मोजतो, जो उद्या त्या प्लेटेजवळ उभा असेल तो.

भंडाऱ्याचा काय संबंध?

भरपूर आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉयलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. रॉबर्ट हॅडफिल्ड नावाच्या इंग्रज माणसानं १८८२ मध्ये पोलादात साधारण १२-१३ टक्के मँगनीज घालून पाहिलं आणि एक अजब पोलाद मिळालं. त्यावर जितके ठोके पडतील तितका त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची हेल्मेटं या पोलादाची होती. रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या कड्यांसाठीही ते वापरलं गेलं. रेल्वेच्या रुळांच्या क्रॉसिंगमध्ये ते आजही असतं. ठोके खाऊन कडक होणारं पोलाद! आपल्या मातीतला गुण म्हणा हवं तर.

वरठीला पोलादाचा कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँडचा. जिल्ह्यातली आयटीआय, डिप्लोमाची कितीतरी मुलं-मुली जड लोखंडाजवळच काम करायला जातात. भंडारा रोड स्टेशन हावडा-मुंबई मार्गावर आहे. रेल्वेच्या नेहमीच्या मापात न बसणाऱ्या मालाला ‘ओडीसी’ म्हणतात आणि रणगाडे त्यातच मोडतात. रेल्वेच्या सपाट वॅगनवर लादलेला रणगाडा कधी दिसलाच, तर आता तुम्हाला कळेल की त्याच्या बाजूच्या प्रत्येक सेंटिमीटरचा हिशेब कोणीतरी केलेला असतो.

आणि जवाहरनगर. तिथला आयुध निर्माणी कारखाना लष्कराच्या दारूगोळ्यासाठी लागणारी स्फोटकं आणि प्रोपेलंट बनवतो. २४ जानेवारी २०२५ चा शुक्रवार भंडारा विसरणार नाही. त्या दिवशीच्या स्फोटात आठ कामगार गेले. तुमच्यापैकी कोणाच्या गावातले, कोणाच्या वर्गमित्राच्या घरातले. त्या दुर्घटनेचा आणि रणगाड्याच्या झुलीचा थेट संबंध नाही, आणि कोणाचं काय चुकलं हे ठरवायची ही जागाही नाही. पण देशाचं संरक्षण म्हणजे फक्त सीमेवरची गोळाबारी नाही, हे आपल्या जिल्ह्याइतकं कोणाला ठाऊक असणार? युद्ध नसतानाही, रोजच्या साध्या कामाच्या दिवशी माणसं जीव धोक्यात घालून ही कामं करतात. म्हणूनच त्यांच्या प्रत्येक नियमाला किंमत आहे. कंटाळवाण्या नियमाला तर जास्तच.

बघायचंय? मग चला

अहिल्यानगरला लष्कराचं आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आहे. देशभरातले रणगाडा दलाचे जवान तिथे तयार होतात. त्याच संस्थेनं १९९४ मध्ये उभं केलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम तिथे आहे. सुमारे पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या, उघड्या आभाळाखाली. भंडाऱ्याहून लांब आहे हे मान्य. पण पुण्याला शिकायला गेलेल्या मित्राकडे जाताय ना? वाटेवरच पडतं.

तिथे गेलात की रणगाड्यांच्या तोफेसमोर सेल्फी काढून लगेच निघू नका. बाजूला या, खाली वाका आणि पट्ट्यांकडे बघा. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश ‘मटिल्डा’ शोधा. तिची झूल लटकवलेली नाही, तर चिलखताचाच भाग आहे, आणि चिखल बाहेर पडायला तिच्यात तिरकी भोकं ठेवलेली आहेत. म्हणजे तो चिखलाचा प्रश्न तेव्हाच्या इंजिनिअरनाही पडला होता. सेंच्युरियनही बघा. झूल आहे की उतरवलेली आहे? बोल्टची भोकं कुठे आहेत? तुम्हाला ती काढायची असती तर पहिला बोल्ट कुठला काढला असता आणि पाय कुठे ठेवले असते?

सेंच्युरियन म्हटलं की पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आठवतात. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, वय २१, पूना हॉर्स रेजिमेंट, परमवीरचक्र. त्यांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’. त्यांचं शौर्य आपण सगळे जाणतो, जाणायलाच हवं. पण एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. त्या दिवशी तो रणगाडा जागच्या जागी फसला नाही, धावला. कारण त्याआधीच्या कितीतरी संध्याकाळी कुणीतरी त्याचे पट्टे ताणले होते, पिना तपासल्या होते, ग्रीस दिलं होतं, बोल्ट आवळले होते. त्या हातांना पदक नसतं. पण त्या हातांवाचून पदकापर्यंत पोहोचताही येत नाही.

हे काम करायची इच्छा असेल तर वाटा आहेत. रणगाडा चालवणारं आर्मर्ड कोर एकीकडे. आणि दुसरीकडे ईएमई, म्हणजे लष्कराची सगळी यंत्रं दुरुस्त करणारी कोर. तिची केंद्रं सिकंदराबाद आणि भोपाळला आहेत. दोन्हीही भंडाऱ्याहून काही फार लांब नाहीत. आयटीआयचा फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक असा ट्रेड केलेल्यांना अशा कामात हात आधीपासून बसलेला असतो. ‘नुसतं आयटीआय केलंय’ असं खाली मान घालून सांगणाऱ्या मित्राला हे जरूर ऐकवा.

उचलण्याआधी पाच प्रश्न

कात्रण काढा, वर्कशॉपच्या भिंतीला चिकटवा.

१. वजन किती आहे? अंदाज नको, सूत्र लावा.

२. शेवटचा बोल्ट निघाल्यावर हे वजन कोण पेलणार आहे? माणूस की साखळी?

३. ते पडलं तर कुठे पडेल? तिथे कोणाचा पाय, कोणाचं बोट आहे?

४. बोलणार कोण? आणि ‘थांबा’ म्हणायची मुभा सगळ्यांना आहे, हे सगळ्यांना माहीत आहे का?

५. उतरवल्यावर ठेवायचं कुठे? जागा आधी, उचलणं नंतर.

या पाच प्रश्नांना मिळून एक मिनिट लागतं. पावसात, अंधारात, भूक लागलेली असताना ते एक मिनिट फार मोठं वाटतं. नेमकं तेव्हाच ते द्यायचं असतं.

पुढच्या रोवणीला ट्रॅक्टरच्या मडगार्डमधला चिखल काढायची पाळी तुमच्यावर येईल. बाबा किंवा काका म्हणतील, ‘चालू राहू दे गाडी, बंद करू नको, पटकन काढून घे.’ तेव्हा काय कराल? वादावादी नको. फक्त चावी फिरवा, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका आणि मग पहार हातात घ्या. कोणी विचारलं तर सांगा, रणगाडेवालेही असंच करतात.